मान

पहिल्याच दिवशी डेलमर म्हणाला, नियम थोडेच आहेत.
गोलात बसलेल्या प्रत्येकाला वाटतं, आपणच कच्चे.
गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे बघ, तोंडाकडे नको,
तोंडं थापा मारतात.
आणि चुकलीस तर थांबू नकोस. गाडी थांबत नाही.
पुढच्या स्टॉपवर चढ.

हे तो मला सांगत होता,
जिनं ओहायोत एकतीस वर्षं शाळेची बस चालवली
आणि बुटाची नाडी लोंबवत धावणाऱ्या
प्रत्येक पोरासाठी थांबवली.

वेस्ट व्हर्जिनियाचा डोंगर, ऑगस्टचा दुसरा आठवडा,
शिबिराची कॉफी पातळ, गाद्या त्याहून पातळ.
मॅन्डोलिन माझ्या नवऱ्याची नाही, गेलेल्या भावाचीही नाही.
आधीच सांगते, कारण लोक विचारतात
आणि डोळे ओले करायला तयारच असतात.
मी ती हप्त्यानं घेतली.
दुकानात सगळ्यांत लहान तीच होती,
मला वाटलं, लहान म्हणजे सोपी.

आठ तारा. दोन-दोन जोडीनं,
जुन्या जोडप्यांसारख्या, शेजारी
आणि एकमेकींशी जराशा बेसूर.

माझं काम चॉप.
बासवर दातांचे डॉक्टर एल्वूड, ते म्हणणार धप्,
मी म्हणायचं चक्.
धप् चक् धप् चक्,
तार दाबायची, मारायची, सूर फुटायच्या आत सोडून द्यायची.
कांदा चिरावा तसं.
सोमवार, मंगळवार, बुधवार मी कांदा चिरला.
बोटांची टोकं आधी लाल, मग पांढरी,
मग दुसऱ्याच कुणाची तरी.

कडवं संपलं की गाणारी नेटी डावीकडे बघते
आणि एक भुवई उचलते:
घेतेस?
हो असेल तर मान खाली-वर.
नको असेल तर आडवी,
भुवई पुढच्याकडे जाते, कुणी रागवत नाही.
माझी आडवी. आडवी. आडवी.
शेजारचा कोल्बी, वय अकरा, पुढचे दोन दात मोठे,
माझ्या नकारांवर श्रीमंत झाला.

आमच्या गावात एका चौकात सिग्नल नाही,
चारी रस्त्यांना थांबायच्या पाट्या.
जो आधी आला तो आधी जाणार, एवढाच कायदा.
मी आधी आले तरी हात करायचे, तुम्ही जा.
भरलेल्या बसला घाई नसते, म्हणायचे.
रिकाम्या बसमध्येही तसाच हात करायचे.

गुरुवारी रात्री, साडेअकराला,
न्हाणीघरामागच्या एकुलत्या दिव्याखाली
कुणीतरी आगगाडीचं गाणं काढलं,
ते शिकवताना वाजवतात तसं नाही,
खरं वाजवतात तसं.
दवानं तारा चिकट, दिव्याभोवती पतंगांची झुंबड.
नेटीची भुवई उठली,
आणि त्याच क्षणी एक पतंग सरळ माझ्या नाकावर आला.
मान खाली गेली ती त्याच्यामुळे.
वर आली तीही.

गोल हलका झाला.
बँजो मागे सरला, फिडल गप्प,
सगळ्यांनी आवाज खाली ओढून घेतला,
झोपलेल्या मुलावरून चादर ओढावी तसा,
आणि मधली जागा माझी.

माझ्याकडे तीन सूर होते.
तेच वाजवले. पुन्हा वाजवले.
चौथा शोधायला गेले तिथं तार नव्हती,
नुसतं लाकूड.
कोल्बी गिटारची मान माझ्याकडे वळवून बसला होता,
हात दिसावा म्हणून,
आणि ओठांनी मोजत होता, आवाज न करता.
एल्वूडचा धप् येत राहिला.
पुढच्या स्टॉपवर मी चढले, बहुतेक.

शेवटी डेलमरनं पाय उचलला,
संपवायची खूण.
सगळे थांबले. माझ्याशिवाय.
एक चक् एकटाच
काळ्या झाडांकडे निघून गेला.

कोल्बी म्हणाला, बाई, शेवटचा चांगला होता.
कुणीतरी हसत खोकलं.
कुणीतरी विचारलं, आता कुठल्या पट्टीत?
मी मॅन्डोलिनवरून पतंगाची भुकटी पुसली,
आणि नेटी कुणाकडे बघतेय,
ते बघत बसले.